दोन चादरींची परीक्षा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई लेकीकडे विश्रांतीला आल्या, त्या हातात टोपली घेऊनच. टोपलीत साखरी होती, त्यांची पांढरीशुभ्र मांजर. तिने मान बाहेर काढली, सोफ्यावर घोरणाऱ्या भोपळ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत घातली. भोपळ्या म्हणजे घरचा कुत्रा. सासूबाईंना तेवढं पुरेसं होतं.

"जावईबापू, मी आहे तोवर हे ध्यान गॅलरीत बांधा."

भोपळ्या म्हातारा झाला होता, गुडघे त्याचेही दुखत होते, आणि जावयाच्या पायाशी झोपल्याशिवाय त्याला डोळा लागत नसे. खरं तर जावयालाही लागत नसे, पण हे सासूला सांगायचं कोणत्या तोंडानं?

"आई, दर रविवारी शाम्पूनं आंघोळ असते त्याला."

"दुसऱ्यानं घालावी लागते ती कसली आंघोळ? माझी साखरी उठल्यासुटल्या अंग चाटते. शिवाय आपलं केलेलं आपण झाकते. तुमचा झाकतो?"

भोपळ्या झाकत नसे. उलट मागे वळून कौतुकाने बघत असे. जावयाने तेव्हा विषय बदलला आणि दुसऱ्या दिवशी चहाला उत्तर दिलं.

"चाटते, आणि मग केसांचा गोळा ओकते. सकाळी माझ्या चपलेत होता."

"पोट साफ ठेवते ती."

हा वाद पुढचे सगळे चहा आणि सगळी जेवणं पुरला. जावयाची बायको इस्पितळात नर्स होती. दिवसभर वॉर्डात स्वच्छतेवरून घसा फोडून घरी यावं, तर इथेही तेच. शेवटी ती वैतागली. "एकदाचं काय ते ठरवा, नाहीतर मी नाइट ड्यूटी मागून घेते."

जावयाची लाँड्री होती. माणसं थापा मारतात, पण चादर खोटं बोलत नाही, हा त्याचा धंद्यातला अनुभव. त्याने तोडगा काढला. हॉलमध्ये दोन पांढऱ्या चादरी अंथरायच्या, एक भोपळ्याची, एक साखरीची. दुपारभर दार बंद. बायको आली की तिने बघायचं. ज्याची चादर जास्त मळेल तो गॅलरीत.

जावयाचा भोपळ्यावर पूर्ण विश्वास होता. तरी सावधगिरी म्हणून त्याने भोपळ्याच्या चादरीला अशी कडक खळ दिली की ती पत्र्यासारखी झाली. खळीच्या कापडावर धूळ वरच्यावर बसते, झटकली की जाते. सासूबाईंचाही साखरीवर पूर्ण विश्वास होता. पण सांगितल्या जागी बसणं हे काही तिच्या रक्तात नव्हतं. म्हणून त्यांनी कुणी बघत नाही असं पाहून साखरीच्या चादरीच्या कोपऱ्याला बोटभर लोणी चोळलं.

दार बंद झालं. दोघे स्वयंपाकघरात एकमेकांवर पहारा देत बसले. आतून चादरीची कर्रकर्र ऐकू येऊ लागली. भोपळ्या जागेवर बसला म्हणून जावई खूश झाला. भोपळ्या लोळतोय म्हणून सासूबाई त्याहून खूश झाल्या.

संध्याकाळी बायकोने दार उघडलं. पाय टेकताच कर्रकर्रणाऱ्या चादरीला भिऊन भोपळ्या केव्हाच दुसरीकडे गेला होता. साखरीच्या चादरीचा कोपरा चाटूनपुसून त्यावर लाळ गाळत तो गाढ झोपला होता. साखरीला मात्र ती कर्रकर्र भलतीच आवडली होती. भोपळ्याची चादर तिने नखांनी ओरबाडून केसांनी भरून टाकली होती.

"नियम म्हणजे नियम," जावई घाईघाईने म्हणाला. "साखरीची चादर लाळेनं भिजलीय. साखरी हरली."

"आणि भोपळ्याच्या चादरीवर हे ढीगभर केस," सासूबाई म्हणाल्या. "शी, किती गळतात." आपण कुणाच्या केसांना नावं ठेवतोय हे लक्षात येताच त्यांनी ओठ आवळले.

जावयाने सवयीने साखरीच्या चादरीचा ओला कोपरा नाकाशी नेला. "हा लोण्याचा डाग आहे, आई."

"असेल. पण तुमची ही चादर भिंतीला टेकवली तर उभी राहील, ती कशानं?"

बायकोने आधी आईचं बोट हुंगलं, मग नवऱ्याच्या नखांत अडकलेली खळ पाहिली. "जनावरांचं नंतर बघू. तुम्ही दोघं आधी हात धुऊन या."

दोघे मुकाट्याने हात धुऊन आले, तेव्हा साखरी भोपळ्याजवळ जाऊन बसली होती. त्याच्या मिशांना लागलेलं लोणी तिने चाटलं. मग नाक, मग डोळ्यांच्या कडा, मग कान. कधी कुणी काढला नसेल असला मळ ती मन लावून काढत होती, आणि भोपळ्या डोळे मिटून पडून होता.

"अगं, तिनं तोंड लावलं त्याला," सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"मग आता तूच सांग, आई," लेक म्हणाली. "मांजर बाटलं, की कुत्रा शुद्ध झाला?"

सासूबाई विचारात पडल्या. मांजर बाटलं म्हणावं, तर तिचीही रवानगी गॅलरीत.

"शुद्ध झाला," सासूबाई नाइलाजाने म्हणाल्या. "पण रोज झोपण्याआधी हिच्याकडून चाटून घ्यायचं. त्याशिवाय आत घ्यायचा नाही."

जावयाने हळूच फ्रीज उघडला आणि लोणी किती उरलंय ते बघितलं.