तोंड तिकडे

आमचे वसंतमामा बोलताना समोरच्याकडे बघत नसत. आधी बोट ओलं करून वारा कुठून येतोय ते पाहायचे, मग वारा जातो त्या अंगाला उभे राहायचे आणि मान वळवून, कुंपणाशी बोलावं तसं आपल्याशी बोलायचे. आपण समोर गेलो, तर हुकूम यायचा, "तोंड तिकडे." माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मामांचा फक्त कान आहे.

मखमलाबादहून भाजी घेऊन येणाऱ्या हिराबाईंनी एकदा मामींना विचारलंच, "मास्तर माझ्याकडं बघून बोलत नाय. माझ्या तोंडाला वास येतो का काय?"

"तुमच्याच नाही हो," मामी म्हणाल्या. "त्यांना सगळ्या मनुष्यजातीच्या तोंडाला येतो."

मामा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. नव्वदच्या आसपास काही उन्हाळे ते हिमालयात गवताचा श्वास मोजायला जात. हे मी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी आमच्या घराण्याची पुन्हा एकदा चौकशी केली. पण काम खरं होतं. झाडं संपतात आणि बर्फ सुरू होतं, त्या मधल्या पट्ट्यात लांबच लांब कुरणं असतात. तिथे गवतावर पारदर्शक पेटी पालथी घालायची आणि आतल्या हवेतला कार्बन वायू मोजायचा. उन्हात गवत तो ओढून घेतं, अंधारात जमीन थोडा परत सोडते. पेटीजवळ कुणी नुसता उसासा टाकला, तरी सगळं मोजमाप बिघडायचं. म्हणून तोंड तिकडे. काम सुटलं, मान काही वळली नाही.

त्यांचा जीव होता तो तिथल्या पाणथळ तुकड्यांवर. "अरे, गारठ्यात, पाण्याखाली मेलेलं गवत धड कुजतच नाही. थरावर थर साचतात. आपल्या पणजोबांच्याही आधी घेतलेला श्वास ती जमीन धरून बसलीय. सुकली, तापली, तरच सोडेल." हे व्याख्यान मी नाशिकच्या द्वारका चौकात, ट्रकच्या धुरात, स्कूटरवर मागे बसून ऐकलं आहे. मामांचं तोंड अर्थात तिकडे होतं. स्कूटर मामाच चालवत होते.

मामींना ते कुरण एकदा बघायचं होतं. पण दमा. "मला नाशिकची हवा पुरत नाही, तिथली विरळ कुठून पुरणार?" म्हणायच्या. डॉक्टरांनी त्यांना फुंकण्याचा व्यायाम सांगितला होता. प्रवासातली हवेची उशी घेऊन रोज सकाळी त्या गॅलरीत बसायच्या. दोन फुंका मारल्या की थांबायच्या, छातीला हात लावायच्या, पुन्हा ओठ टेकवायच्या. मामा शेजारीच पेपर धरून बसलेले, तोंड तिकडे.

"मामा, जरा मदत करा की," मी एकदा म्हणालो.

"त्यांनी फुंकली तर दमा माझा बरा होईल का त्यांचा?" मामी म्हणाल्या. मामांनी पेपर थोडा वर घेतला. तो उलटा होता.

मामी गेल्या. उशी फुगलेली होती, ती तशीच राहिली. मामांच्या घरात कुणीही काहीही मागावं, छत्री न्यावी, स्कूटर न्यावी. पण त्या उशीला कोपर लागलं, तरी ते म्हणायचे, "ती सोडून दुसरी घे."

पुढे काही वर्षांनी आम्ही उभयता बद्रीनाथच्या बाजूला सहलीला निघालो. मामांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, उंचीवर जायला त्यांना सक्त मनाई. तरी नाशिकरोड स्टेशनवर ते आले. काखेत ती उशी, बरीचशी मऊ पडलेली.

"मामा, मी घेतलीय उशी."

"झोपायला नाही देत. वर पाणथळ गवत लागेल, तिथे हिचं बूच काढ. उन्हातच काढ. सावलीत गवत घेत नाही." मग उशी चाचपत म्हणाले, "गळलीय बरीच. पण चढताना फुगेल. बाहेरचा दाब कमी होतो ना. तिकडे तिला मोकळं वाटेल."

हे सगळं ते माझ्याकडे बघून बोलले. त्यांच्या तोंडाला वेलचीचा वास असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

बस घाट चढू लागली तशी उशी माझ्या मांडीवर खरंच फुगू लागली. शेवटचा टप्पा खेचरावरून. मी आणि माझं पोट दर वळणावर धापा टाकत होतो, उशी मात्र टम्म. खेचरवाला आधी उशीकडे आणि मग माझ्याकडे बघायचा. त्याला नेमकी कुणाची काळजी वाटत होती, ते मी विचारलं नाही.

वर पोचलो तेव्हा ढग होते. पायाखाली ओलं, स्पंजासारखं दबणारं गवत. बायको कुडकुडत होती, खेचरवाला खाली चला म्हणून मागे लागला होता. "अहो, सोडा ना आता," बायको म्हणाली.

"ऊन येऊ दे."

आलं. गवत एकदम उजळलं. मी बोट ओलं करून वारा पाहिला, वारा जातो त्या अंगाला जाऊन गुडघे टेकले, उशी गवताजवळ नेली. बायको बघायला वाकली.

"तोंड तिकडे," मी म्हणालो.

तिने तोंडाला पदर लावून मान वळवली. मी श्वास धरला, माझीही वळवली आणि बूच काढलं.