तायडे मॅडमचा पाचवा अंक

अकोल्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या तायडे मॅडम दर रविवारी सकाळी मला राणी करतात. मी बँकेतून निवृत्त झालेला, मिशा पांढऱ्या, आवाज फाटका. पहिल्या दिवशी मी लाजून आवाज बारीक केला, तर कडाडल्या, "काहून नकला करून राहिले? राणी तुमच्याच आवाजात बोलते!"

मॅडम अमरावतीच्या कॉलेजात मराठी शिकवायच्या. आता जुन्या लेखिकांची नाटकं धुंडाळायची आणि शेजाऱ्यांना वेठीला धरून ती वाचायची, हे एकच वेड. त्यातल्या एका नाटकावर फार जीव. शंभरेक वर्षांपूर्वी कुण्या बाईनं लिहिलेलं. त्यातली राजकन्या पुरुषवेश घेऊन राज्य चालवते आणि चार अंक खुशीत असते. पाचव्या अंकात तिला लुगडं नेसवून लग्न लावतात. तिथं मॅडम पुस्तक मिटतात.

"हे त्या बाईनं मनानं नाही लिवलं. लोकाईच्या भेवानं लिवलं. चार अंक तो राजपुत्रच आहे ना!"

"पण छापलंय ते वाचायला नको?" मी एकदा हुज्जत घातली.

एरवी माझी सालटी काढणाऱ्या मॅडमनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला. मग म्हणाल्या, "मीबी हेच म्हटलं होतं."

कॉलेजच्या गॅदरिंगला एका विद्यार्थिनीनं या राजकन्येची भूमिका केली होती. तालमीत ती रडली, 'मॅडम, मले लुगडं नका नेसवू. मी असाच आहो.'

"नाटकात लिवलं आहे, नेस, म्हटलं. प्रयोग झाला. दुसऱ्या दिवसापासून लेकरू कॉलेजात आलंच नाही."

वाचायला आम्ही शेजारी असूनही मॅडम दर रविवारचं निमंत्रण जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणासाठी टाकतात, ते मला तेव्हा कळलं. माझ्या हुज्जतीची मला लाज वाटली.

गेल्या रविवारी तिवशाहून एक दाढीवाला माणूस आला. दारातूनच म्हणाला, "मी सुमेध. तुमच्या नाटकातला."

प्राचार्यांसाठीही खुर्ची न सोडलेल्या मॅडम उठून उभ्या राहिल्या. आमच्या सगळ्यांदेखत त्यांनी हात जोडले. "सुमेध, मी चुकली रे. तू सांगत होता, अन् मी तुले पुस्तक दाखवत होती."

तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"घरच्याईवर राग होता, मॅडम. पण तुमच्यावर जास्त. तुमी तरी समजून घ्याल, असं वाटलं होतं."

"धर राग. तुया हक्क आहे," मॅडम म्हणाल्या. "पण जेवून जाय."

सुमेध उंबऱ्यापाशी तसाच उभा राहिला. मग खाली वाकून त्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या.