जानरावांचे चाकावरचे बिऱ्हाड

जऊळक्याला आगगाडी यायला लागून फार दिवस झाले नव्हते. त्या सुमारास तिथून जवळच्याच एका गावात जानरावांनी पारावर सगळ्यांसमोर जाहीर केले, की शहाण्या माणसाला घर लागतच नाही.

"भिंती कायले पायजेत?" ते म्हणाले. "चाकं असली म्हंजे झालं. बांबूच्या तट्ट्याची बंडी, आत गादी, अन् आपलं इमानदार कुत्रं. राजाजवळ तरी याहून जास्त काय असते?"

खरी गोष्ट अशी, की जानरावांना घराबाहेर पडावे लागले होते. म्हणजे ते आपण होऊन पडले होते. हा फरक ते भेटेल त्याला आवर्जून समजावून सांगत. झाले होते एवढेच, की त्यांच्या पत्नीने, प्रयागबाईंनी, कंबर मोडेपर्यंत खपून कुरोड्या घातल्या आणि बाजेवर उन्हात वाळत ठेवल्या. जानरावांचा जमादार नावाचा कुत्रा त्या बाजेवर चढला, जागा आवडल्यासारखा गोल फिरला आणि मधोमध झोपला. प्रयागबाई फुकणी घेऊन धावल्या.

"हे कुत्रं आता माह्या उंबऱ्याच्या आत दिसलं नाही पायजे," त्या म्हणाल्या.

"ते बाहेर, तर मी बी बाहेर," जानराव गरजले.

"जा मंग," प्रयागबाई म्हणाल्या आणि तव्यावरची भाकर उलटवायला आत गेल्या.

हे "जा मंग" जानरावांच्या काळजात रुतले. भांडली असती तर चालले असते. रडली असती तर फारच बरे झाले असते. पण इतका संसार केल्यावर नवरा घर सोडतो म्हणाला, तर बाई भाकर उलटवते? त्यांनी त्याच दुपारी गादी, लोटा आणि तिखटमिठाची मडकी बंडीत टाकली आणि बंडी घरासमोरच्या निंबाखाली ओढून नेली. बैल तेवढे गुरांच्या कोठ्यातच राहिले, कारण भांडण बैलांचे नव्हते. प्रयागबाई स्वतः बाहेर येईल, चारचौघांत आपल्या तोंडाने "चला घरात" म्हणेल आणि जमादारालाही घेईल, तेव्हाच उंबरा ओलांडायचा, असा पण त्यांनी केला. नाहीतर जन्म बंडीत गेला तरी बेहत्तर.

जन्म जायची चिन्हे दिसू लागली. प्रयागबाई पाण्याला जाता-येता निंबाखालून जात, पण बंडीकडे बघत नसत. जानराव गोवऱ्यांत रोडगे भाजत. ते बाहेरून कोळसा आणि आतून कणीक असे होत. जमादार वास घेई आणि घराकडे तोंड करून बसे. जानरावांना याचाही राग येई. ज्याच्यासाठी संन्यास घेतला, त्यालाच कदर नाही!

अशात शेजारचे पुंजाजी आले. त्यांच्या पोराचे लग्न मालेगावात ठरले होते.

"जानराव, वऱ्हाडाले बंडी पायजे तुही."

"बंडी कुठी हाये? हे घर हाये माह्यं."

"मंग घर जुप."

आता लग्नाला मागितलेली बंडी नाही म्हणायची गावात रीत नव्हती. वैऱ्याच्या लग्नालासुद्धा बंडी द्यावी लागे. नाही म्हणणाऱ्याच्या घरी पुढे चार माणसे जमत नसत. जानराव दातओठ खात कोठ्यातून बैल घेऊन आले. पाठोपाठ वऱ्हाडातल्या बायका त्यांच्या घरात चढल्या. एकीने गादीवर फतकल मारले, दुसरीने मडक्यातली चटणी चाखून मीठ जास्त असल्याचे सांगितले, आणि तिसरी, कमलीबाई, म्हणाली, "भाऊ, इथं कुत्र्याचा वास येऊन राह्यला." जमादार बंडीमागे धावत होता. जानराव स्वतःच्याच घराच्या दाराशी, पुढच्या धुरेवर बसून बैल हाकत होते.

मालेगावात तर कळसच झाला. मुलीकडच्यांनी पाहुण्यांना टिळा लावून पाटावर बसवले आणि धुळीने माखलेल्या जानरावांना बंड्या हाकणाऱ्या धुरकऱ्यांच्या पंगतीत. नवरीच्या मामांनी वाढता वाढता मायेने विचारले, "किती वर्सापासून हायेस पुंजाजीकडं चाकरीले?"

जानरावांनी हातातला घास तसाच खाली ठेवला. मालेगावच्या बाजारात ज्यांची तूर लोक नावाने ओळखत, ते जानराव! आणि पुंजाजी? ते लांबून हसत होते. परतताना जानरावांनी ठरवले, की आता गावातच राहायचे नाही. बंडी घ्यायची आणि शेलूबाजाराच्या पलीकडे कुठेतरी निघून जायचे.

नवरा-नवरी जानरावांच्याच बंडीत होती, कारण सगळ्यांत मऊ गादी तिथेच होती. गाव आले. वाजंत्री पुंजाजीच्या दाराकडे वळली. बैल वळले नाहीत. धनी रुसला आहे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. दोन दिवस चालून दमलेली जनावरे सरळ आपल्या कोठ्याकडे निघाली आणि प्रयागबाईंच्या दारात येऊन थांबली. जानरावांनी कासरा ओढला, शेपट्या पिरगाळल्या, पण बैल ढिम्म हलेनात. सारे वऱ्हाड भोवती गोळा झाले.

तेवढ्यात दार उघडले. डोक्यावर पदर घेतलेल्या प्रयागबाई बाहेर आल्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

जानरावांना भरून आले. आली! शेवटी आलीच. तीही साधी नाही, भाकरतुकडा ओवाळून घरात घ्यायला, साऱ्या गावासमोर. त्यांचा राग तिथल्या तिथे विरघळला. आता आपणही मोठे मन दाखवायला हवे, असे त्यांना वाटले. ते खाली उतरले, पागोटे सारखे केले आणि मान लववून तिच्यासमोर उभे राहिले.

"जाऊ दे वं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "झालं ते झालं. येतो मी घरात."

वाजंत्री थांबली होती, त्यामुळे ते खरोखरच सगळ्यांना ऐकू गेले.

"बाजूले व्हा जरा," प्रयागबाई हळूच म्हणाल्या. "मागं नवरी खोळंबली हाये."

दारात आलेल्या नव्या नवरीला ओवाळल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. जानराव बाजूला झाले. प्रयागबाईंनी बंडीतून उतरलेल्या नवरा-नवरीवरून तुकडा ओवाळला, लांब फेकला आणि त्यांच्या पायांवर पाणी घातले. जमादाराने तुकडा उचलला आणि तो निवांत खाता यावा म्हणून, कुणाला न विचारता, उंबरा ओलांडून थेट घरात गेला. प्रयागबाईंनी पाहिले. पण फुकणी आणायला गेल्या नाहीत.

वऱ्हाड हसत हसत पुंजाजीकडे गेले. दारात जानराव एकटे उरले.

"म्हंजे," त्यांनी चाचरत विचारले, "तू मले बोलवाले नव्हती आली?"

"नाही."

"मंग मी येऊ का नको?"

प्रयागबाईंनी तांब्यात उरलेले पाणी त्यांच्या पायांवर ओतले.

"आता गावासमोर येतो म्हणून बसले, तर या," त्या म्हणाल्या. "पन जमादारानं नाही इचारलं बाप्पा इतकं."