चौथऱ्याची चौथी बाजू

कुणाच्या घरी गेलं की माणसं विचारतात, "घरात कोण कोण असतं?" आमचे दत्ताराम मेस्त्री विचारतात, "तुमच्यात कोण कोण नाय?" तेही पायातल्या वहाणा काढायच्या आधी. नवी सून हा प्रश्न पहिल्यांदा ऐकते तेव्हा घाबरून आत पळते. मग सासू ओरडते, "मेस्त्री आलेत गो, चहा टाक!"

मेस्त्री मूळचे गवंडी. आमचं गाव पूर्णगडच्या अलीकडे, आणि गावातली निम्मी घरं मेस्त्रींनी रचलेल्या चिऱ्यांवर उभी आहेत. वय झालं, हातातली थापी सुटली, आणि त्यांना शाळेच्या भिंतीतल्या एका फरशीने धरलं. हातभर संगमरवर, इंग्रजांनी बसवलेला. पहिल्या महायुद्धाला या गावातून एकतीस माणसं गेली, त्यातली चार मेली, एवढंच त्यावर इंग्रजीत लिहिलंय.

मी याच शाळेत इतिहास शिकवायचे आणि त्या फरशीखालच्या खुंटीला छत्री अडकवायचे. सगळी नोकरी संपली, वाचली एकदाही नाही. शेवटी मेस्त्रींनीच मला एक दिवस उभं करून वाचायला लावली. मी मराठीत सांगितलं तसे भडकले.

"नावं कुठायत?"

"नावं नाहीत."

"म्हशी मोजतात तशे मोजले काय ओ, वयनी? आमच्या म्हशीला पण नाव हाय!"

तेव्हापासून ते दारोदार "कोण कोण नाय" विचारत फिरू लागले. काविळीने गेलेले, विहिरीत पडलेले, मुंबईला जाऊन दुसरा संसार मांडलेले, अशी बरीच मंडळी हाती लागली. दोन घरांत तर यांच्या चौकशीमुळे अबोला सुरू झाला. पण त्यातूनच मोहल्ल्यातल्या एका पेटीत फौजी कोटाचं पितळी बटण मिळालं आणि हसनचं नाव कळलं. बौद्धवाडीतला धोंडू कळला. खालच्या वाडीतला राघो कळला. चौथा मात्र सापडेना.

अशात सरपंचबाईंनी नवं स्मारक मंजूर करून आणलं. फायबरचा सैनिक, हातात बंदूक. चित्र बघून मेस्त्री म्हणाले, "बंदूक थेट दवाखान्याकडे रोखलीय. आजारी माणूस जायचा कसा?"

"मग काय हवं तुम्हाला, मेस्त्री?"

"चौथरा. चिऱ्याचा. माणसाला टेकता आलं पाहिजे. पुतळ्यासमोर कोण बसतंय?"

चिऱ्यावर अक्षर टिकत नाही, म्हणून चारी बाजूंना काळा दगड. एकेका बाजूला एकेक नाव, ज्याचं तोंड त्याच्या त्याच्या वाडीकडे. मेच्या पहिल्या तारखेला, चाकरमानी गावात असताना उद्घाटन ठरलं. सरपंचबाई म्हणाल्या, "तीन नावं घाला आणि चौथ्या बाजूला 'व इतर' लिहा."

"इतर?" मेस्त्री म्हणाले. "ती काय लग्नाची पत्रिका हाय?"

एप्रिलमध्ये ते माझ्या पडवीत येऊन बसले. चौथ्या बाजूचं तोंड टेकडीकडे येतं आणि टेकडीवर आमचं एकच घर, ज्याला गाव वरचं घर म्हणतं.

"म्हणून चौथा आमचाच?" मी हसले. "हा काय पुरावा झाला?"

"चौथऱ्याला चार बाजू असतात, वयनी," ते शांतपणे म्हणाले. "आठवा काय ता."

आणि मला आठवलं.

लग्न होऊन मी या घरात आले ती इतिहासाची पदवी घेऊन. पानिपतावर कोण कुठे उभा होता हे झोपेत सांगेन असा तोरा. भाद्रपदात म्हाळाच्या दिवशी पितरांची पानं वाढून झाली की सासूबाई एक पान बाहेर पडवीत नेऊन ठेवायच्या.

"हे कुणाचं?" मी विचारलं होतं.

"हाय आपल्यातलाच एक. बोटीने गेलेला. मेल्याचं पत्र आलं नाय, म्हणून आत पितरांत बसवता येत नाय. आणि आला पण नाय."

यावर मी, पदवीधर शहाणी, काय म्हणाले असेन? "मग बोटीवरच जेवला असेल!" स्वतःच्या विनोदावर खूप वेळ हसले. त्याचं नाव विचारलं नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षी ते पान मीच बंद केलं. अन्नाची नासाडी, म्हणाले. आता विचारावं तर घरात माझ्याहून जुनं फक्त जातं उरलंय.

हे सगळं मी मेस्त्रींना सांगितलं आणि शिव्यांची वाट बघत बसले. त्यांनी चहा संपवला, कप उपडा घातला आणि गेले.

मेच्या पहिल्या तारखेला चौथऱ्यावरचं कापड निघालं. हसन, धोंडू, राघो. टेकडीकडच्या बाजूला लिहिलं होतं: वरच्या घरातला. बोटीने गेला.

सरपंचबाई कुजबुजल्या, "मेस्त्री, हे नाव नाही झालं."

"घर हाय ना," मेस्त्री म्हणाले. "पत्ता हाय. बस झालं."

मग भाद्रपद आला. म्हाळाच्या दिवशी मी पडवीत पान वाढलं. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी, सगळं. नाव ठाऊक नाही तर हाक काय मारायची, म्हणून नुसतीच उभी राहिले. तेवढ्यात मेस्त्री पायरी चढून आले. बोलावलं नव्हतं. पानाशेजारी भिंतीला टेकून बसले.

"आत या की. वाढते."

"हिथंच वाढा."

"हिथं? एकटेच बसणार?"

"एकट्याला घास उतरत नाय, वयनी," ते पानाकडे बघत म्हणाले. "मेस्त्रीण गेल्यापासून बघतोय ना मी रोज. टीवी लावून बसतो, तरी अर्धा भात राहतोच. ह्याला तर शंभर वर्षं झाली."

मेस्त्रीण जाऊन पाच वर्षं झाली होती. दोन्ही मुलगे विरारला. त्यांच्या घरी चूल कोण पेटवतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी दुसरं पान आणलं. मेस्त्रींनी ते जरा सरकवून पहिल्या पानाच्या ओळीत आणलं, पाणी फिरवलं. पहिला घास घ्यायच्या आधी शेजारच्या पानाकडे वळून हळूच म्हणाले, "सावकाश होऊ द्या."