रांजणाजोगं बीळ

एका जंगलात, बाळांनो, बीळ सगळ्यांना होतं, पण बीळ राखायची अक्कल एकालाच होती. तो म्हणजे धोंडू साळिंदर.

हे काम त्याच्या बापजाद्यांपासून चालत आलेलं. ससा असो, घोरपड असो, नाहीतर कोल्हा, सगळ्यांच्या बिळांची निगा धोंडूकडे. बिळाला मागून भोक पडलं की तो माती-दगड ठेचून बुजवी. तोंडाशी पाला साचला की झाडून काढी. आणि आपले गळालेले काटे बिळाच्या तोंडाशी आडवेतिडवे रोवून ठेवी. का? तर नाग येऊ नये म्हणून. नागाचं पोट नाजूक. काट्यावरून सरपटायची त्याची छाती नाही.

त्याबद्दल धोंडूला बलुतं मिळे. सुगी झाली की वर्षातून एकदा टोपली घेऊन दारोदार जायचं आणि प्रत्येक बिळातून कंद आणायचे. त्याची बायको ठकू ते वाळूत पुरून ठेवी. त्यावर पोराबाळांचा उन्हाळा निघे.

आता गंमत ऐका. धोंडू काम इतकं नीट करी, की नाग कुणाकडे येतच नसे. आणि नाग येत नसे म्हणून धोंडू नेमकं करतो काय, हे कुणाला कळत नसे.

त्या साली तो रावजी सशाच्या दारी गेला.

"रावजी, बलुतं घ्यायला आलोय."

"कसलं रे बलुतं?"

"बीळ राखलं त्याचं. नाग येऊ दिला नाही."

"अरे, पण नाग आलाच कुठे?"

"तेच तर म्हणतोय मी."

"मीही तेच म्हणतोय! जो आलाच नाही त्याला अडवल्याचे कंद मागतोस? उद्या म्हणशील, हत्ती शिरू दिला नाही त्याचे दोन जास्त टाका."

रावजीनं एक किडका कंद टोपलीत टाकला. मग इकडेतिकडे बघून तो हळूच म्हणाला, "ते राहू दे. तुला रांजणाचं काही कळतं का?"

"कसला रांजण?"

"बोलका! नदीपलीकडच्या जंगलात निघालाय म्हणे. जगातली सगळी बडबड त्यात ओतलीय. तोंड घालून विचारायचं, की तो उत्तर देतो. खरं का खोटं ते देव जाणे, पण आवाज खणखणीत. पलीकडच्या सशांनी घेतलेसुद्धा. आपण मागं पडलो तर?"

"मागं पडलो तर काय होईल?"

"ते रांजण आल्याशिवाय कसं कळणार?"

"आणि त्याला विचारायचं काय?"

"ते मागाहून बघू. आधी यायला तर पाहिजे!"

धोंडू सरळ गडी. म्हणाला, "बाबा, मला त्यातलं काही कळत नाही."

घोरपडीकडे गेला तर तिथेही हेच. कंदाचं नाव काढलं की तोंड वाकडं, रांजणाचं नाव काढलं की डोळे मोठे. कोल्ह्यानं तर पुढच्या सालापासून येऊच नको म्हणून सांगितलं.

घरी आला तेव्हा टोपलीचं बूड दिसत होतं. ठकूनं टोपली बघितली, मग नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, एवढ्यावर उन्हाळा काढायचा? पोरं काय माझे काटे खातील?"

"घरं सुटायला लागलीत गं. अशीच सुटत गेली तर जंगल सोडावं लागेल."

रात्र कशीबशी गेली. सकाळी धोंडू पाण्यावर गेला. तिथे बगळा एका पायावर उभा होता. हा बगळा नदीपलीकडे जाऊन येऊन असायचा, त्यामुळे त्याला मोठा मान. धोंडूनं आपलं रडगाणं सांगितलं. बगळ्यानं डोळे मिटून ऐकलं.

"धोंडिबा, जंगलात सगळ्यांच्या बिळांत कोण शिरतं?"

"मी."

"कुणाच्या बिळात कुठं भोक आहे, हे कुणाला ठाऊक?"

"मला."

"मग रांजणाचा सल्ला दुसऱ्या कुणी का द्यावा? तूच दे."

"पण मी रांजण बघितला नाही हो."

"उत्तम! बघितलेला थोडंच बोलतो. बोलून बोलून किती बोलणार?"

"आणि लोक म्हणाले, आण रांजण, तर?"

बगळ्यानं दुसरा पाय खाली ठेवला. बाळांनो, बगळा दुसरा पाय टेकवतो तेव्हा तो खरं बोलतो.

"रांजण विकू नकोस. तयारी वीक. रांजण एकदा दिला की संपलं. तयारी कधी संपत नाही."

धोंडू घरी आला, पाटावर बसला आणि ठकूसमोर बोलायचा सराव करू लागला. ठकू म्हणाली, "हे खोटं आहे."

"खोटं कुठंय? तुमचं बीळ तयार नाही असं सांगणार. आणि तयार नाहीच. आता रांजण म्हणजे काय हेच ठाऊक नसताना तयार असेल कसं?"

ठकूला उत्तर सुचेना. पोरं भुकेली होती, तेव्हा तिनं ते सुचवून घेतलंही नाही.

धोंडू पहिल्यांदा रावजीकडेच गेला. बिळाभोवती दोन फेऱ्या मारल्या. भिंतीला नाक लावलं. एका कोपऱ्यात उगीच टकटक केलं. मग खोल श्वास सोडला.

रावजीचे कान ताठ झाले. "काय झालं?"

"रावजी, वाईट वाटून घेऊ नका. तुमचं बीळ रांजणाजोगं नाही."

"अगं सगुणे!" रावजी बायकोला ओरडला, "बाहेर ये! आपलं बीळ रांजणाजोगं नाही म्हणतायत हे!" आणि बाळांनो, त्याचा चेहरा असा खुलला होता, जसं काही पोरीचं लग्न ठरलंय. "किती नाही हो? फार नाही का थोडं नाही?"

"तसं फार नाही. पण घोरपडीपेक्षा बरं आहे."

"घोरपडीपेक्षा बरं! ऐकलंस का गं?"

ज्या रावजीनं नाग अडवल्याचा एक किडका कंद दिला होता, त्यानं नालायक म्हटल्याबद्दल टोपली भरून दिली. वर मोहाची फुलं.

पुढे काय सांगावं! घोरपडीनं निरोप धाडला, की सशाचं बीळ तपासलं आणि आमचं नाही, आम्ही काय मेलोत? कोल्ह्यानं स्वतः येऊन हात जोडले. कुणाला तपासणी हवी, कुणाला रांजणाशी कसं बोलावं याची शिकवणी. कुणाला घरातल्या कोणी रांजणात तोंड घालावं आणि कोणी घालू नये, याची शिस्त आखून हवी. पोरासोरांनी घालायचं का, सासूनं घालायचं का, यावरून कोल्ह्याच्या घरात भांडण लागलं. ते सोडवायला पुन्हा धोंडूच, आणि त्याची टोपली वेगळी.

आता त्याला धोंडू कुणी म्हणेना. आधी धोंडिबा झाला, मग धोंडोपंत झाला. काट्यांना तेल लावू लागला. नखं मऊ पडली.

आणि सल्ला काय द्यायचा? रांजणाचं पोट मोठं असणार, हे तर पोरसुद्धा सांगेल. तेव्हा बिळाची तोंडं रुंद करा. रांजणाचा आवाज घुमेल, तो बाहेर जायला वाट हवी. तेव्हा मागची भोकं मोकळी करा. रांजणाला टवका गेला तर? तेव्हा तोंडाशी रोवलेले काटे उपटा. सगळ्यांनी उपटले. नमुना दाखवायला धोंडोपंतांनी आपलं बीळ सगळ्यांत आधी रुंद केलं.

ठकू दारात उभी राहून बघत होती. "अहो, आणि नाग?"

"नाग आलाय का गं कधी?" धोंडोपंत म्हणाले.



पंधरवडाही झाला नसेल. एका दुपारी रावजी, सगुणा आणि पोरं चरून परत येतात, तो बिळाच्या तोंडाशी ही एवढी कात. आतून फुस्स! रावजी जो पळत सुटला तो धोंडोपंतांच्या दारात.

"धोंडोपंत! नाग शिरलाय हो माझ्या बिळात! नशीब, पोरं बाहेर होती. आता जायचं कुठं आम्ही?"

 ठकू म्हणाली, "जा. तुमचंच निस्तरा."

धोंडोपंत गेले. रावजी मागून झुडपाआड दबकत आला. बिळाच्या तोंडाशी नाग वेटोळं घालून, फणा काढून असा बसला होता, जसा वाड्याचा मालक ओसरीवर बसतो.

"या, धोंडोपंत. तुमचीच वाट बघत होतो. फार ऐकलंय तुमच्याबद्दल. माझंही बीळ तपासा."

"अहो नागोबा, पण हे बीळ रावजीचं..."

"होतं. आमच्या घराण्यात बीळ खणायची चाल नाही. आयतंच घेतो. तपासा."

धोंडोपंतांना जुनं काम आठवत होतं. अंगावरचे काटे फुलवून मागे वळायचं आणि आत घुसायचं, बस्स. पण नखं मऊ पडलेली, काटे तेलानं बुळबुळीत झालेले. ते तपासायला लागले.

"तोंड रुंद आहे का?"

"आहे."

"मागची भोकं मोकळी?"

"मोकळी."

"तोंडाशी काटे?"

"एकही नाही. असता तर मी आत आलो असतो का?"



नाग पुढे झुकला. "म्हणजे साऱ्या जंगलात रांजणाजोगं बीळ माझंच. बरोबर? मग आणा रांजण. उद्या उजाडायच्या आत. नाही आणलात तर मी तुमच्याकडेच राहायला येतो. तुमचं बीळही मोठं रुंद केलंय, असं ऐकतो. पोरं किती तुम्हाला?"

बाळांनो, 'तयार नाही' म्हणायला तोंडाला सवय लागते. पण समोर खरंच तयार असलेलं गिऱ्हाईक उभं राहिलं, की सल्लागाराची जीभ टाळूला चिकटते. धोंडोपंतांच्या डोळ्यांपुढे ठकू आली, पोरं आली. त्यांनी नागाला वरून खाली न्याहाळलं. फणा बघितला, डोळे बघितले. मग त्यांनी खोल श्वास सोडला.

"नागोबा, वाईट वाटून घेऊ नका. बीळ तयार आहे. आपण तयार नाही."

"म्हणजे?"

"रांजण बोलणार. ऐकणार कोण? आपल्याला कान कुठं आहेत?"

 आता बघा, नाग धोंडोपंतांचं बोलणं इतका वेळ ऐकतच होता की! पण जाणत्यानं सांगितल्यावर आपल्या अनुभवावर कोण विश्वास ठेवतो? नागाचा फणा थोडा खाली आला.

"मग आता?"

"कान लागतील. लांब, उभे, जातिवंत."

नागाची नजर झुडपाकडे गेली. झुडपावर दोन कान थरथरत होते.

"ते चालतील का?"

"तयार करावे लागतील. शिकवणी लागेल. आणि एक सांगून ठेवतो, खायचं नाही. खाल्लेल्या कानांनी ऐकू येत नाही."

"कधीपर्यंत खायचं नाही?"

"रांजण येईपर्यंत."

नागानं विचार केला आणि मान डोलावली.

अशा रीतीनं रावजी आपल्याच बिळात परत गेला. आतला ऐसपैस भाग नागोबाचा. दाराजवळचा वाऱ्याचा कोपरा रावजीच्या घरच्यांचा. सगुणेनं कपाळावर हात मारला.

"अहो, नागाच्या कुशीत निजायचं?"

"कुशीत नाही गं, पदावर! मी नागोबांचा मुख्य कान आहे. साऱ्या जंगलात असा दुसरा ससा दाखव."

दुसऱ्या दिवशी घोरपड विचारायला आली, की मुख्य कान व्हायला काय करावं लागतं.

नागोबाकडे द्यायला कंद नव्हते, फुलं नव्हती. पण तो संध्याकाळी दुसऱ्यांच्या दारांवरून नुसती एक फेरी मारी, आणि सकाळी तिथून धोंडोपंतांना बोलावणं येई. आता त्यांच्या टोपलीत नागाच्या तपासणीचेही कंद धरलेले असत.

दर अमावास्येला धोंडोपंत रावजीच्या बिळावर जातात. रावजीच्या कानात फुंकर घालतात, भिंतीवर टकटक करतात आणि नागाला सांगतात, "प्रगती चांगली आहे. पण अजून थोडं बाकी आहे." नाग उसासा टाकतो. रावजीही टाकतो, पण त्याचा उसासा वेगळा. जंगलात सगळे रांजण यावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेत. एकटा रावजी रोज पहाटे हात जोडून म्हणतो, देवा, रांजण येऊ देऊ नकोस. आणि धोंडोपंतांची टोपली तो शिगोशीग भरतो, वर दाबून भरतो.

एकदा ठकूनं कंद पुरता पुरता विचारलं, "अहो, पूर्वी नाग सशाला खात नव्हता. आताही खात नाही. मग तेव्हा किडका कंद आणि आता टोपली, असं का?"

धोंडोपंत काट्यांना तेल चोळत म्हणाले, "तेव्हा त्याला नाग दिसत नव्हता."

तात्पर्य : संकट वेशीवरच अडवणाऱ्याला लोक विचारतात, तू केलंस काय? तेच संकट घरात बसवून "अजून खाणार नाही" एवढं रोज सांगणाऱ्याला पंत म्हणतात. तेव्हा बाळांनो, मन लावून काम करा, पण पुरतं करू नका.