रंगनाथ आबांचा दुर्योधन

दुर्योधन किती वाईट होता, हे आमच्या गावात दरवर्षी नव्यानं ठरतं.

नेकनूरजवळच्या आमच्या गावी श्रावणात मारुतीच्या देवळात महाभारताची पोथी लागते. मी निवृत्त मास्तर, म्हणून ओव्या मी वाचतो. अर्थ सांगतात रंगनाथ आबा. मी दोन ओळी वाचायच्या आणि आबांनी त्यावर पाऊण तास बोलायचं, अशी वाटणी. "आता बगा मंडळी" म्हणत त्यांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला, की पोथीतलं सगळं बाजूला राहतं.

आबांच्या बांधाला बांध लागून त्यांचे चुलतभाऊ, नामदेवदादा. ज्या वर्षी दादांचा नांगर बांधात शिरतो, त्या वर्षी दुर्योधनाची खैर नसते. "सुईच्या टोकाएवढी जमीन देनार न्हाई म्हन्ला! कावून? तर नियत खराब!" दादा समोरच खांबाला टेकून ऐकतात आणि खुशाल मान डोलावतात. त्यानं आबा आणखी पेटतात.

एका वर्षी आबांच्या लेकीच्या लग्नात दादांनी घाम गाळून पंगती वाढल्या. त्या श्रावणात दुर्योधन लई दिलदार निघाला आणि भीमच जरा आगाऊ ठरला. मी कुरकुरलो, तर म्हणाले, "मास्तर, तुमी वाचायचं काम करा." मला या माणसाचा मनापासून राग यायचा.

यंदा संक्रांतीपासून दोघांचं बोलणं बंद होतं. त्यात गदायुद्धाच्या आदल्या दिवशी दादा गोठ्यात घसरले. मांडीचं हाड मोडलं, बीडला नेलं. भेटायला जावं, तर आधी आपण बोलल्यासारखं होतं. म्हणून आबा गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी देऊळ खच्चून भरलं. आबा आता काय तोंडसुख घेतात, ते सगळ्यांना ऐकायचं होतं.

मी वाचलं. भीमाची गदा मांडीवर बसली, दुर्योधन कोसळला.

आबा रिकाम्या खांबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता बगा मंडळी. भीमानं गदा फेकून दिली. पळत गेला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. म्हन्ला, दादा, लई दुखायलंय का?"

"आबा," मी हळूच म्हणालो, "पोथीतला भीम त्याच्या डोक्याला लाथ मारतो."

"मारत असंल, मास्तर. त्याला करमत असंल भावाबिगर. मला करमंना."

आबा उठले, चपला पायात सरकवल्या आणि बीडच्या गाडीला निघाले. मी पोथी मिटली.