मेंदूची सर्व्हिसिंग

आमचे खानोलकरकाका डोक्याला विजेचा पट्टा बांधून भाजी घेतात. कपाळावर काळं रबर, कानामागे लोंबणारी वायर आणि हातात दुधी!

"अंकलजी, गाने सुन रहे हो?" सेक्टर बावीसचा भाजीवाला विचारतो.

"नहीं जी, मॅच्युअर हो रहा हूँ!"

काकांची सगळी नोकरी एअर फोर्समध्ये, इंजिनं खोलण्यात गेली. "इंजिनाची सर्व्हिसिंग होते, मग मेंदूची का नको?" हे त्यांचं पालुपद. पट्टा ऑनलाइन मागवलेला. तो मेंदूला हलका करंट देतो आणि तापट माणूस समंजस होतो, असं खोक्यावर छापलंय. आणि छापील मजकुरावर काकांचा गाढ विश्वास! रोज जिन्यात मला गाठायचे. "चल, अपमान कर माझा. भडकतो का बघू!"

"काका, तुमच्या पोह्यांचा लगदा होतो."

"लगदा? तुझ्या बा..." मग डोळे मिटून, पट्टा चाचपत, "करंट वाढवायला हवा."

याची नक्कल करून मी ऑफिसात हशा पिकवायचो. पट्टा कशासाठी आहे, हे ठाऊक असूनही.

काका एकटे राहतात. मुलगा इथून जवळच, मोहालीत; सून पंजाबी. दिवाळीत नातू कबीर हिंदीत बोलला, तर काका कडाडले, "या घरात मराठीच बोलायचं!" पोर थरथरलं. मुलाने त्याला उचललं आणि न जेवता गाडी काढली. तेव्हापासून कबीर आलाच नव्हता.

गेल्या रविवारी तो येणार होता. "सर्व्हिसिंगनंतरची पहिली ट्रायल रे!" काकांनी आरोळी ठोकली. मी धावलो. खरं सांगतो, मजा बघायलाच.

कबीर दारातच आईला चिकटला. "मम्मा, आजोबा फिर डाँटेंगे."

काकांचा मुलगा बुटांसकट उंबऱ्याबाहेरच उभा. मला कुठे बघावं कळेना.

काकांचा हात पट्ट्याकडे गेला. वाटलं, करंट वाढवणार. पण त्यांनी पट्टाच काढून सोफ्यावर टाकला आणि गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, खाली फरशीवर बसले.

"नहीं डाँटूँगा, बेटा," ते हळूच म्हणाले. "मैंने शिरा बनाया है. खाओगे?"

"शिरा क्या होता है?"

काकांनी सोफ्यावरच्या पट्ट्याकडे एकदा पाहिलं.

"हलवा, बेटा. हलवा."

उंबऱ्याबाहेर मुलगा बुटांच्या नाड्या सोडायला वाकला.